पुलाचे तेलपाणी

तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने पुलांच्या देखभालीवर लिहावे, हे काहींना नसती उठाठेव वाटेल. पूल म्हटला की सिमेंट, सळया, आकडेमोड आणि अभियांत्रिकीची जाडजूड पुस्तके डोळ्यांसमोर येतात. परंतु पूल बांधणे हा जसा अभियंत्याचा विषय आहे, तसा बांधलेला पूल सांभाळण्यासाठी पैसा किती, कोठून आणि केव्हा काढायचा हा अर्थशास्त्राचा विषय आहे. आणि तो पैसा वेळेवर का निघत नाही, हा राज्यशास्त्राचा. तेव्हा या बाबतीत बोलण्याचा आपल्याही विभागांना थोडाफार अधिकार आहे, असे मानून मी पुढे जाते. प्राध्यापकवर्गाने सांभाळून घ्यावे.

भिवंडीकराला तर हा विषय टाळताच येत नाही. ठाण्याहून यायचे तर कशेळीची खाडी ओलांडावी लागते. कल्याणहून यायचे तर दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उल्हास नदी आडवी येते. नाशिक महामार्गाने येणाऱ्याला खारेगावची खाडी लागते, आणि वाड्याकडे निघालेल्याला नदी नाक्यावर कामवारी. शहरातले उड्डाणपूल आणखी वेगळेच. मागाला लागणारे सूत, गोदामांत उतरणारा माल, ठाण्या-कल्याणला शिकायला आणि नोकरीला जाणारी माणसे, रात्री-अपरात्री मोठ्या दवाखान्यात हलवायचा रोगी, सगळ्यांची वाट कोणत्या ना कोणत्या पुलावरून जाते.

यांतला एखादा पूल बंद पडला की काय होते, ते आपण अनुभवलेले आहे. मुंब्रा बाह्यवळण रस्ता दुरुस्तीसाठी २०१८ च्या मे महिन्यात बंद झाला, तो खुला व्हायला सप्टेंबर उजाडला. जवाहरलाल नेहरू बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे येणारे कंटेनर मग मिळेल त्या रस्त्याने येऊ लागले आणि ठाणे, ऐरोली, कल्याण, शिळफाटा सगळीकडे रांगा लागल्या. त्यापूर्वी २०१३ च्या डिसेंबरात घोडबंदरजवळच्या वर्सोवा खाडीपुलाच्या गर्डरला तडा गेल्याचे आढळले. अवजड वाहनांना तो पूल बंद झाला आणि गुजरातकडून येणाऱ्या मालमोटारी मनोर–वाडा–भिवंडी आणि चिंचोटी–अंजूरफाटा या रस्त्यांनी वळवण्यात आल्या. म्हणजे तडा गेला वर्सोव्याला आणि त्याचा भार सोसला आमच्या बाजूच्या रस्त्यांनी, मोऱ्यांनी आणि लहानसहान पुलांनी. एका पुलाकडे झालेले दुर्लक्ष दुसऱ्या पुलाचे आयुष्य असे गुपचूप खात असते, आणि त्याची नोंद कोणत्याही खात्याच्या वहीत होत नाही.

आता पूल झिजतो तरी कशाने? मालमोटारींच्या वजनाने, हे पहिले उत्तर सर्वांना सुचते आणि ते अर्धे खरेही आहे. क्षमतेपेक्षा जास्त माल लादून धावणाऱ्या गाड्या आपल्याकडे काही कमी नाहीत. पण पुलांविषयी जे काही वाचले त्यावरून माझे असे मत झाले आहे की पुलाचा खरा वैरी पाणी. नदीतले पाणी, पावसाचे पाणी, आणि खाडीच्या हवेतला खारा ओलावा. एकाच वैऱ्याची ही तीन रूपे आहेत.

नदीतले पाणी खांबावर आदळते तेव्हा वेग घेऊन त्याच्या भोवती वळते आणि पायाजवळची वाळू, माती खरवडून नेते. पुरात हे खरवडणे अनेक पटींनी वाढते. पूर ओसरल्यावर खड्डा पुन्हा गाळाने भरून निघतो, त्यामुळे वरून पाहणाराला सारे जागच्या जागी दिसते. पण तो गाळ भुसभुशीत असतो, खांबाला आधार देत नाही. पाण्याखाली माणूस किंवा यंत्र उतरवून तपासल्याशिवाय हा रोग कळत नाही. त्यातच पुलाच्या आसपास खाडीतली रेती उपसली गेली तर पात्राचा तळच खाली जातो. रेतीउपसा हा ठाणे-भिवंडी परिसरात किती जुना धंदा आहे हे सांगायला नको.

पावसाच्या पाण्याची गोष्ट साधी आहे, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुलावर पडलेले पाणी बाहेर जाण्यासाठी कठड्याच्या बुडाशी पन्हळी ठेवलेल्या असतात. त्या माती, गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी बुजतात. मग पाणी पुलावर तुंबते, डांबराखालून झिरपते आणि स्लॅबमधल्या सळयांपर्यंत पोहोचते. शहराजवळच्या एका पुलावर गेल्या पावसाळ्यात मी बसच्या खिडकीतून मोजले. एका बाजूच्या अकरा पन्हळींपैकी वाहत्या फक्त दोन होत्या. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो. ती जागा त्याला काँक्रीट फोडूनच मिळते. पुलाखालून जाताना स्लॅबचे खपले निघून तांबूस सळया दिसतात ना, तो हा प्रकार.

तीच गोष्ट सांध्यांची. उन्हाने गर्डर लांबतो, थंडीत आखडतो. तीस मीटर लांबीच्या गर्डरचे तापमान पंचवीस अंशांनी बदलले तर त्याची लांबी सुमारे नऊ मिलिमीटरने कमीजास्त होते. या हालचालीसाठी दोन गर्डरांमध्ये फट सोडतात आणि गर्डराखाली रबराची किंवा पोलादाची बैठक असते, तिला बेअरिंग म्हणतात. फटीत खडी अडकली किंवा बैठक जाम झाली की गर्डरला हलता येत नाही आणि तो ताण खांबाच्या माथ्यावर येतो. पुलावरून जाताना प्रत्येक फटीवर गाडीला बसणारा दणका आपल्या पाठीला जसा जाणवतो, तसाच पुलालाही. सांधा बसका झाला की दणका वाढतो, दणका वाढला की सांधा आणखी बसतो.

जुन्या दगडी पुलांना आणखी एक शत्रू आहे, आणि तो देवाच्या नावाने सुरक्षित आहे. पाखरांच्या विष्ठेतून पिंपळ-वडाचे बी दगडांच्या सांध्यात पडते आणि दोन पावसाळ्यांत रोप डोलू लागते. कोवळे असताना ते बोटांनी उपटता येते. मुळे आत गेली की चुन्याची दर्ज फोडतात आणि दगड सरकवतात. मग वरून कापले तरी पुन्हा फुटते. मुळाशी औषध घालून ते मारावे लागते. पण पिंपळाला हात लावायला मजूर कचरतात आणि साहेबही फारसे उत्सुक नसतात.

खाऱ्या हवेचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. पणजीचा मांडवीवरील नेहरू पूल हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा असताना ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीट ताणून धरणाऱ्या पोलादी तारा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या. पणजीकरांना पुन्हा फेरीबोटींत बसावे लागले, आणि नवा पूल पूर्ण व्हायला १९९२ साल उजाडले. इटलीतल्या जिनोआ शहरातला मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी पडला आणि ४३ माणसे गेली. तो ज्या अभियंत्याने रचला त्या रिकार्दो मोरांदी यांनी स्वतःच, पूल वापरात आल्यावर बारा वर्षांनी, १९७९ मध्ये समुद्राकडून येणारी हवा पुलाला अपेक्षेपेक्षा लवकर खात असल्याचे लिहून ठेवले होते. कशेळी, खारेगाव, दुर्गाडी हे आपले पूलही भरती-ओहोटीच्या पाण्यावर उभे आहेत.

या ठिकाणी एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेणे मला भाग आहे. जुन्या पुलाचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर कोणीतरी हमखास सांगतो, "बांधणाऱ्या इंग्रज कंपनीचे विलायतेहून पत्र आले होते, आता शंभर वर्षे झाली, आमची जबाबदारी संपली." ही कथा मी चार वेगवेगळ्या पुलांविषयी ऐकली आहे. पत्र पाहिलेला माणूस मात्र अजून भेटायचा आहे. या कथेतून असा ग्रह होतो की पूल वयाने मरतो. मांडवीचा पूल सोळा वर्षे जगला. गुजरातेत मही नदीवरील गंभीरा पूल १९८५ साली वाहतुकीस खुला झाला आणि ९ जुलै २०२५ रोजी मोडला. उलट सांगलीचा आयर्विन पूल १९२९ पासून कृष्णेचे पूर अंगावर घेत उभा आहे. पूल बांधताना काय वापरले, तो कोणत्या पाण्यात उभा आहे आणि मधल्या काळात त्याच्याकडे कोणी लक्ष दिले, यांवरून त्याचे आयुष्य ठरते. वय हा या सर्वांतला एक आकडा.

महाडजवळच्या सावित्री पुलाचे उदाहरण वयवाद्यांच्या बाजूचे वाटते खरे. दगडी कमानींचा तो ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. एस. टी.च्या दोन गाड्या आणि एक खासगी मोटार त्याच्याबरोबर गेली. मृतांची संख्या चाळीसच्या घरात. पण पुढे जे बाहेर आले ते अधिक बोलके आहे: त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचा शेरा होता. पाहणी झाली नाही असे नव्हे. पाहणी झाली आणि तिने काही पाहिले नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी गर्दीच्या वेळी कोसळला. त्याचेही संरचनात्मक परीक्षण झालेले होते आणि त्यात किरकोळ दुरुस्तीचाच सल्ला होता. डोळ्यांनी पाहून कागद भरणे आणि हातोडी, यंत्रे, प्रसंगी पाणबुड्या घेऊन तपासणे यांत केवढे अंतर आहे, ते या दोन घटनांनी दाखवले. सावित्रीवर नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये, म्हणजे वर्ष पुरे होण्याच्या आत उभा राहिला. एवढी तत्परता आपल्यात असते, फक्त ती अपघातानंतर जागी होते.

मग करायचे काय? इथे मी पुस्तकांतून क्षणभर बाहेर येऊन आमच्या गावाच्या धंद्याकडे वळते, कारण नियोजनाचे जे तत्त्व मला पुढे इंग्रजी पुस्तकांत वाचायला मिळाले ते मी घरी आधीच ऐकले होते. माझे वडील कित्येक वर्षे यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. चाळीस मागांवर एक जॉबर. ते सांगत, बंद पडलेल्या मागापाशी दिवसभर बसणारा जॉबर शेठला आवडतो, कारण तो घामाघूम दिसतो. पण तो तिथे बसला असताना उरलेल्या एकोणचाळीस मागांना तेल कोण घालणार? महिन्याभरात आणखी पाच माग बंद पडतात. शहाणा जॉबर सकाळी आधी फेरी मारतो. कुठे नुसता आवाज बदलला आहे, कुठे पट्टा सैल झाला आहे, कुठे धोटा फेकताना लय चुकते आहे, ते कानाने टिपतो आणि पाच-पाच मिनिटांत ते हातावेगळे करतो. ज्या मागाने कामगाराला इजा होईल तो ताबडतोब बंद करतो. पूर्ण बिघडलेल्या मागाकडे त्यानंतर वळतो.

पुलांच्या बाबतीत आपण नेमके पहिल्या जॉबरसारखे वागतो. यादी करताना सर्वांत वाईट पूल सर्वांत वर. उपलब्ध पैसा त्यालाच जातो आणि बरे असलेले पूल पाळीपाळीने वाईटांच्या यादीत येऊन बसतात. माणसाला सहज पटणारा हा क्रम अर्थशास्त्राच्या दृष्टीने महागडा आहे. धोकादायक पूल आधी बंद करावा, त्यात चर्चा नको. पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, तेव्हा धोक्याचा फलक तिथे होता. फलक लावला म्हणजे पूल बंद केला असे होत नाही. पण बंद करणे आणि सगळा पैसा त्याच पुलावर ओतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीच्या पैशाचा पहिला वाटा बऱ्या पुलांच्या पन्हळी, सांधे, बैठका आणि रंग यांवर गेला पाहिजे, कारण तिथे एक रुपया सर्वांत जास्त वर्षे विकत घेतो.

डी सिटर नावाच्या डच अभियंत्याने १९८४ साली हाच विचार 'पाचाचा नियम' म्हणून मांडला. बांधतानाच नीट लक्ष द्यायला एक रुपया लागत असेल, तर तो वाचवल्यास पुढे देखभालीला पाच, देखभाल टाळल्यास दुरुस्तीला पंचवीस आणि दुरुस्तीही टाळल्यास नव्याने उभारणीला सव्वाशे. आकडे फार गोलमटोल आहेत. मला हा नियम हिशेबापेक्षा म्हणीच्या जातीचा वाटतो. म्हणून मी स्वतः एक हिशेब करून पाहिला. आकडे कल्पित आहेत, रीत मात्र आपल्याला वर्गात शिकवलेलीच आहे.

समजा, एक पूल वीस कोटींचा. त्याच्या किमतीच्या एक टक्का, म्हणजे वीस लाख रुपये, दरवर्षी देखभालीला द्यायचे. किंवा वीस वर्षे काहीच द्यायचे नाही आणि विसाव्या वर्षी आठ कोटींची मोठी दुरुस्ती करायची. नुसती बेरीज केली तर चार कोटी विरुद्ध आठ कोटी. देखभालीचा पक्ष सहज जिंकतो. पण आज खर्चायचा रुपया आणि वीस वर्षांनी खर्चायचा रुपया सारखे नसतात. सहा टक्के व्याजदराने दोन्हींचे वर्तमान मूल्य काढले तर देखभालीचे येते सुमारे दोन कोटी एकोणतीस लाख आणि मोठ्या दुरुस्तीचे सुमारे दोन कोटी एकोणपन्नास लाख. फरक वीस लाखांचा! व्याजदर थोडा चढा धरला तर पारडे उलट झुकते. हे उत्तर पाहून मला धक्का बसला. खजिन्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दुर्लक्ष परवडते, ते केवळ त्याच्या आळसामुळे नव्हे. त्याच्या वहीत ते खरोखरच स्वस्त दिसते.

पण वही अपुरी आहे. मोठ्या दुरुस्तीसाठी पूल चार महिने बंद ठेवावा लागतो, असे धरा. त्यावरून दिवसाला दहा हजार वाहने जातात. प्रत्येकाला दहा किलोमीटरचा वळसा पडतो आणि इंधन, झीज, चालकाचा वेळ धरून किलोमीटरला पंधरा रुपये जादा खर्च येतो. दिवसाचे झाले पंधरा लाख. एकशे वीस दिवसांचे अठरा कोटी! पूल बांधायला लागले वीस, आणि तो चार महिने बंद ठेवल्याने लोकांच्या खिशातून गेले अठरा. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो मालवाहतूकदाराच्या डिझेलात, उशिरा पोहोचलेल्या सुताच्या गाठींत आणि कल्याण स्टेशनवर चुकलेल्या लोकलमध्ये विखुरलेला असतो. अर्थशास्त्रात आपण ज्याला सामाजिक खर्च म्हणतो, त्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

कल्याणच्या पत्री पुलाची हकीकत या हिशेबाला धरून आहे. १९१४ सालचा हा रेल्वेवरचा पूल धोकादायक ठरल्यावर १८ नोव्हेंबर २०१८ रोजी पाडला. नवा पूल खुला झाला २५ जानेवारी २०२१ रोजी. मधली दोन वर्षे आणि वर दोन महिने त्या भागातल्या लोकांनी कोंडीत घालवलेल्या तासांची बेरीज कोणी केली असेल असे वाटत नाही. पूल पाडायला नको होता असे माझे म्हणणे नाही. जुना केव्हातरी जाणार हे ठाऊक असताना त्याची जागा घेणारा आधी तयार ठेवणे, हाही देखभालीच्या नियोजनाचाच भाग आहे. दुर्गाडीला हे काही प्रमाणात साधले. जुना पूल चालू असतानाच शेजारी नवा सहा पदरी पूल उभारला गेला आणि २०२१ मध्ये त्याच्या पहिल्या मार्गिका सुरू झाल्या.

टिकाऊपणाच्या, म्हणजे निसर्गाच्या बाजूने पाहिले तरी उत्तर तेच येते. जगात मानवी उद्योगांतून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंट उत्पादनातून येतो. उभा पूल वीस वर्षे जास्त टिकवला तर तेवढे सिमेंट, पोलाद, खडी आणि रेती वाचते. स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वे पूल १८९० पासून सतत रंगवला जात असे. एका टोकाला रंग देऊन होईपर्यंत दुसऱ्या टोकाचा उडालेला असतो, असे तिथे गमतीने म्हणत. २०११ साली त्याला निदान पंचवीस वर्षे टिकेल असा नवा रंग देऊन झाला. आपल्याकडे हावड्याच्या पुलावर वेगळाच उपाय योजावा लागला. ये-जा करणाऱ्यांच्या पानाच्या पिंकांनी पोलादी खांबांच्या बुडाची आवरणे काही वर्षांत सहा मिलिमीटरवरून तीनवर आली, तेव्हा त्यांना फायबर ग्लासची वेष्टने घालण्यात आली. पिचकारीचे हे सामर्थ्य वाचून भिवंडीच्या पुलांबद्दल मला जास्तच काळजी वाटू लागली आहे.

इतके सारे स्पष्ट असताना पैसा का निघत नाही? एक कारण उघड आहे. नव्या पुलाला कोनशिला असते, फीत असते, वर्तमानपत्रात छायाचित्र असते. साफ केलेल्या पन्हळीला यांतले काहीही नसते. न पडलेल्या पुलाबद्दल कोणी कोणाचे अभिनंदन करीत नाही. दुसरे कारण मालकीचे. आपल्या परिसरातला एक पूल महापालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तिसरा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, चौथा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने बांधून दुसऱ्याच्या हवाली केलेला. रेल्वेवरचा पूल असेल तर रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि दोन्ही बाजूंचे चढ नगरपालिकेचे. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला, तेव्हा देखभालीची जबाबदारी रेल्वेची की महापालिकेची, यावरच आधी वाद रंगला. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात तो पूल पूर्ण बंदच करावा लागला.

याच मुलखात दुसरी एक परंपराही आहे, तिचे मला कौतुक वाटते. १८५४ साली रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. रेल्वेच्या प्रत्येक लहानमोठ्या पुलाला क्रमांक असतो, त्याची नोंदवही असते, पावसाळ्यानंतर दरवर्षी ठरलेल्या अधिकाऱ्याने तो पाहायचा असतो. खांबावर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते आणि पावसाळ्यात नाजूक जागी रात्रंदिवस माणूस बसतो. पाणी खुणेला लागले की गाडी थांबते. यात कोणतेही मोठे शास्त्र नाही. रस्त्यावरच्या पुलांना मात्र एवढेही भाग्य क्वचित लाभते. अमेरिकेत हे शहाणपण यायला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी पडून ४६ माणसे मरावी लागली. त्यानंतर तिथे दर दोन वर्षांनी पुलांची तपासणी करण्याचे देशव्यापी नियम १९७१ साली आले.

आपल्या केंद्र सरकारनेही ४ ऑक्टोबर २०१६ पासून, सावित्रीच्या दुर्घटनेनंतर दोन महिन्यांनी, पुलांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. तिच्यात मोऱ्यांसह एक लाख बहात्तर हजारांहून अधिक बांधकामे मोजली गेली. प्रत्येकाला ओळख क्रमांक, नकाशावरचे ठिकाण, प्रकृतीनुसार शून्य ते नऊ गुण, आणि विशेष म्हणजे आसपासच्या लोकांच्या रोजच्या व्यवहारात त्या पुलाचे महत्त्व किती, यासाठीही वेगळे गुण. हा शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझ्या हिशेबातले ते अठरा कोटी कोठेतरी दिसायचे असतील तर ते याच रकान्यात दिसतील.

अशीच एक वही आपल्या शहरापुरती करायला फारसा पैसा लागू नये. कशेळीपासून नदी नाक्यापर्यंत आणि अंजूरफाट्यापासून राजनोलीपर्यंतचे पूल, उड्डाणपूल आणि मोऱ्या मोजल्या तर यादी काही पानांत मावेल. कामवारीत डाइंग आणि सायझिंगचे सांडपाणी उतरते. त्याचा काँक्रीटवर काय परिणाम होतो हे तपासायला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा जवळपास आहेत. वाहनांची मोजदाद अर्थशास्त्राचे विद्यार्थी करू शकतील, भूगोल विभाग नकाशा काढू शकेल. मृग लागण्यापूर्वी पन्हळी मोकळ्या आहेत की बुजलेल्या, हे सांगायला तर पदवीचीही गरज नाही. पुलाची आतली ताकद अभियंत्यांनीच तपासायची. ते काम विद्यार्थ्यांचे नव्हे. गेल्या सुट्टीत मी एका पुलापुरते असे पान आखून पाहिले. नाव, ठिकाण, लांबी, खांब, पन्हळी, सांधे, वाहने असे रकाने सहज भरले. 'मालक' हा रकाना भरण्यासाठी तीन कार्यालयांत गेले. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. तो रकाना अजून कोरा आहे.